पन्नासचे घड्याळ आणि साठचा खेळ



चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी बोनस, महागाई भत्ता किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी काहीतरी सांगेन, अशी त्यांची समजूत असावी. मी म्हणालो, टीव्हीला जोडून मुले जे खेळ खेळत त्यांच्या वेगावर बोलतो. ते क्षणभर एकमेकांकडे पाहत राहिले. युनियनच्या माणसाला हे काय सुचले, असे त्यांना वाटले असेल. आपल्यालाही तसेच वाटत असेल, तर घटकाभर धीर धरावा. यंत्राचा वेग कोण ठरवतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न मी गेली तीस वर्षे कारखान्यांच्या दारात उभा राहून विचारीत आलो आहे. तोच प्रश्न या खेळण्यातही दडलेला आहे, हे मला फार उशिरा कळले.

मी शिकलेला माणूस नव्हे. माझे शिक्षण रात्रशाळेत झाले तेवढेच. पुढे अंधेरीच्या सीप्झमध्ये, म्हणजे निर्यातीसाठी इलेक्ट्रॉनिक माल करणाऱ्या वसाहतीत, मी सोल्डरिंगच्या पट्ट्यावर काही वर्षे बसलो. टीव्हीच्या पोटात काय असते ते मी पुस्तकांत वाचण्याआधी बोटे भाजून शिकलो. म्हणून आज जे सांगणार आहे ते पंडिताचे ज्ञान म्हणून न घेता कारागिराची हकीकत म्हणून ऐकावे.

नव्वदीच्या सुमारास आपल्या जुहूच्या गल्ल्यांत, कोळीवाड्यात, नेहरूनगरच्या वस्तीत एखाद्या खोलीत दोन-तीन टीव्ही मांडलेले असत. तासाला ठरावीक पैसे द्यावे आणि खेळावे. यंत्र बहुधा जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉमची नक्कल. त्यात पिवळी किंवा काळी कॅसेट खोचली की मारिओ उड्या मारू लागे, नाहीतर कॉन्ट्रातले दोन शिपाई गोळ्या झाडू लागत. त्या मुलांपैकी कोणाच्याही ध्यानात एक गोष्ट आली नव्हती, आणि येण्याचे कारणही नव्हते. जो मारिओ जपानात आणि अमेरिकेत पळत होता, त्यापेक्षा आमच्या जुहूचा मारिओ हळू पळत होता. थोडाथोडका नव्हे, सहाव्या हिश्श्याने हळू. असे का व्हावे?

याचे मूळ विजेत आहे. आपल्या घरात जी वीज येते ती सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते. युरोपातही तसेच. अमेरिकेत ती ६० वेळा खाते. यामागे निसर्गाचा नियम काहीही नाही. ज्या देशात ज्या कंपनीची जनित्रे आधी पोचली, तिथे तिचे माप रूढ झाले. जपानचेच पाहा. तोक्योने १८९५च्या सुमारास जर्मन जनित्रे घेतली, ती ५०ची. ओसाकाने थोड्याच काळाने अमेरिकन घेतली, ती ६०ची. आज सव्वाशे वर्षे उलटली, तरी पूर्व जपानात ५० आणि पश्चिम जपानात ६० असा कारभार चालू आहे. दोन खरेदी-हुकमांची ही करामत.

पुढे दूरचित्रवाणी आली. सुरुवातीच्या संचांत विजेचा हेलकावा पडद्यावर आडव्या पट्ट्यासारखा सरकताना दिसे. त्यावर तोड अशी काढली की, पडदा रंगवण्याचा वेग विजेच्या वेगाशी जुळता ठेवायचा. म्हणून अमेरिकेत पडदा सेकंदाला ६० वेळा रंगू लागला आणि युरोपात ५० वेळा. अमेरिकेत एका पूर्ण चित्राच्या ५२५ ओळी ठरल्या, युरोपात ६२५. १९५३ साली अमेरिकेने रंगीत चित्रासाठी जी पद्धत मान्य केली तिला एनटीएससी म्हणतात. जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीच्या वाल्टर ब्रुख यांनी साठीच्या दशकात जी बसवली ती पाल. भारताने ६२५ ओळी आणि ५० हे माप घेतले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झाले ते कृष्णधवल. १९८२ साली आशियाई खेळांच्या निमित्ताने रंग आला, तो पाल पद्धतीचा.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लोक सरसकट म्हणतात, पाल हळू आणि एनटीएससी जलद. पाल आणि एनटीएससी ही नावे रंग कसा पाठवायचा त्या रीतीची आहेत. वेग ठरतो तो ५० की ६० यावरून. ब्राझीलने रंगाची रीत पाल घेतली, पण माप ६०चेच ठेवले. म्हणजे लेबल एक आणि माल दुसरा, असेही असू शकते. आम्हा कामगारांना हे नवे नाही. पगाराच्या चिठ्ठीवर 'भत्ता' लिहिलेले असते, आत काय आहे ते वेगळेच निघते.

आणखी एक गंमत पाहा. अमेरिकेत ५२५ ओळींची ३० पूर्ण चित्रे सेकंदाला होतात, म्हणजे १५,७५० ओळी. आपल्याकडे ६२५ ओळींची २५ चित्रे, म्हणजे १५,६२५ ओळी. कामाचा एकूण बोजा जवळजवळ सारखाच! त्यांनी चित्रे जास्त काढली, आपण एका चित्रात बारकावा जास्त भरला. सिनेमा-नाटक पाहणाऱ्याला यात तोटा काहीच नाही. मग खेळालाच का झाला?

त्याचे उत्तर मला यंत्रशास्त्राच्या पुस्तकात मिळाले नाही, आमच्या धंद्यात मिळाले. मजुरी देण्याच्या दोन रीती आपणास ठाऊक आहेत. एक रोजंदारी, म्हणजे घड्याळाच्या तासांवर. दुसरी नगावर, ज्याला आपण पीस रेट म्हणतो. जुने खेळ लिहिणाऱ्यांनी मारिओला नगावर कामाला लावले होते. प्रत्येक चित्रामागे एवढी पावले पुढे जा, असा हुकूम. सेकंद किती झाले हे तो विचारीतच नाही. चित्र काढले की एक पाऊल. जपानच्या पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे निघतात, म्हणजे ६० पावले. आपल्या पडद्यावर ५०च निघतात, म्हणजे ५० पावले. हिशेब संपला.

मारिओच्या खेळात वरच्या कोपऱ्यात उलटे मोजणारे एक घड्याळ असते. पहिल्या टप्प्यात ते ४००पासून सुरू होते. मुलांना वाटते हे सेकंद. ते सेकंद नव्हेत. २४ चित्रे झाली की तो आकडा एकाने उतरतो. म्हणजे ४००चा आकडा संपायला ९,६०० चित्रे लागतात. जपानात याला १६० सेकंद लागतात, आपल्याकडे १९२. घड्याळ तेच, आकडे तेच, पण तीस-बत्तीस सेकंद जास्तीचे. जे घड्याळ स्वतःच यंत्राबरोबर हळू होते, ते यंत्राची कुचराई कधीच दाखवणार नाही. एवढे एक वाक्य आपण घरी नेले तरी माझे आजचे काम झाले.

मी सीप्झमध्ये होतो तेव्हाची एक आठवण सांगतो. आमच्या पट्ट्यावर तासाला ६० पाट्या पुढे सरकत. एका सोमवारपासून हात पुरेनासे झाले. तक्रार केली तर सुपरवायझर म्हणाला, काहीही बदललेले नाही, तुम्हीच रविवारी जागलात. भिंतीवर घड्याळ होते, पण मान वर करून पाहायला सवड कोणाला? आमच्यात एक वयस्कर बाई होत्या. त्या काम करताना मनाशी एक ओवी गुणगुणत. त्या म्हणाल्या, "पोरांनो, एवढी वर्षे चार पाट्यांत माझी ओवी पुरी होते. आज पाचवी पाटी येते तेव्हा कुठे संपते आहे." मग आम्ही जेवणाच्या सुट्टीआधी मनगटी घड्याळ लावून मोजले. तासाला ७२ पाट्या! साठच्या जागी बहात्तर. व्यवस्थापनाने मान्य केले, पण म्हणाले, वाढ फक्त सहाव्या हिश्श्याची आहे. बाराला बहात्तरने भागले की सहावा हिस्सा येतो, आणि साठने भागले की पाचवा. दोन्ही गणिते बरोबर. भागाकार कशाने करायचा हे ज्याच्या हातात, त्याच्या सोयीचे उत्तर येते. आपल्या खेळाचेही तसेच आहे. साठवरून पन्नासवर आलो तर सहावा हिस्सा गेला. पन्नासवरून साठवर गेलो तर पाचवा हिस्सा वाढला.

त्या बाईंनी ओवीवरून पट्टा ओळखला. तशीच ओळख खेळाच्या संगीतातही पटते, आणि हा भाग गाण्याच्या रसिकांसाठी सांगतो. युरोपात अधिकृतपणे विकलेल्या निन्टेन्डो यंत्रात मुख्य चिपची गतीही कमी होती. अमेरिकन यंत्रात ती सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोके, युरोपीय यंत्रात सुमारे १६ लाख ६० हजार. त्यामुळे मूळ खेळ तसाच लावला, तर लयही उतरे आणि पट्टीही उतरे, चावी संपत आलेल्या ग्रामोफोनसारखी. पण तैवानच्या कारागिरांनी ५०च्या देशांसाठी ज्या नकली चिपा केल्या, त्यांत त्यांनी ठोके सुमारे १७ लाख ७० हजार ठेवले. अशा यंत्रात सूर जवळजवळ मूळच्या जागी राहतो, फक्त लय विलंबित होते. नकलाकाराने मूळ मालकापेक्षा आपल्यासारख्यांची सोय अधिक पाहिली, असे म्हटले तर ते अगदीच खोटे ठरणार नाही.

सिनेमाचा अनुभव नेमका उलटा. जुहूत राहणाऱ्याला हे सांगायला नको, कारण ती दुनिया आपल्या शेजारचीच. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी घेतात. आपला टीव्ही २५चा. म्हणून टीव्हीवर लावताना चित्रपट सरळ २५च्या गतीने सोडायचा, अशी ५०च्या देशांची वहिवाट. अडीच तासांचा चित्रपट त्यामुळे १४४ मिनिटांत संपतो, आणि पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांत जेवढे अंतर असते त्याच्या सुमारे सात-दशांश गाणे चढते. चार टक्क्यांचा फरक. बहुतेकांना तो जाणवला नाही. म्हणजे आपल्या एकाच पडद्यावर दुसऱ्याचा चित्रपट जलद आणि दुसऱ्याचा खेळ हळू, असा संसार वर्षानुवर्षे सुखाने चालला होता.

मंडळी, आता कोणी म्हणेल, फरक पडला तर पडला. मुलांचा खेळ तो. त्याला मी मुंबईचाच एक इतिहास सांगतो. १९०६ साली सरकारने सगळ्या देशाला एक प्रमाण वेळ लावली. मुंबईची आपली वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, नवी वेळ साडेपाच तास पुढे. म्हणजे काटा ३९ मिनिटे पुढे ढकलला गेला. ज्यांच्या भिंतीवर घड्याळ होते त्यांनी तो फिरवला आणि ते मोकळे झाले. गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्याला मात्र ३९ मिनिटे आधी अंधारात उठावे लागणार होते. त्या जानेवारीत गिरणी कामगारांनी काम बंद पाडले, दगडफेकही झाली. मुंबई महापालिकेने तर पुढे कित्येक दशके जुनीच वेळ पाळली. त्या लोकांना काळाचे शास्त्र कळत नव्हते असे नाही. घड्याळ फिरवताना आपल्याला कोणी विचारले नाही, हे त्यांना पुरते कळले होते.

खेळांच्या बाबतीतही ५०च्या देशांना कोणी विचारले नाही. खेळ जपानात किंवा अमेरिकेत ६०साठी तयार होई. त्याला ५०साठी नीट बेतायचे तर पावले लांब करावी लागतात, संगीताची लय पुन्हा बांधावी लागते, आणि पडदाही भरावा लागतो. ६०च्या पद्धतीत खेळाचे चित्र सुमारे २४० ओळींचे, आणि ५०च्या पडद्यावर जागा २८८ ओळींची. उरलेल्या ४८ ओळी म्हणजे वरखाली काळे पट्टे आणि मधला नायक बसका, चेपल्यासारखा. इथेही पुन्हा सहावाच हिस्सा गेला, हे आपल्या लक्षात आले असेल. हे सुधारणे म्हणजे मेहनत. काही ठिकाणी ती घेतली गेली. मारिओच्या युरोपीय आवृत्तीत त्याची पावले ५०च्या हिशेबाने दुरुस्त केलेली आहेत. पण पुष्कळ कंपन्यांनी तसाच माल बांधून पाठवला. सेगा कंपनीचा १९९१चा सोनिक हा खेळ जगभर गाजला तो त्याच्या भन्नाट वेगासाठी, आणि युरोपच्या यंत्रावर तोच सोनिक मंद. तिथल्या हौशी पोरांनी यंत्रे उघडून, दोन तारा डाखून ५०-६०चे बटण स्वतः बसवले! ज्याचे काम होते त्याने केले नाही म्हणून गिऱ्हाइकाने केले. पुढे सेगाच्याच ड्रीमकास्ट यंत्रावर अनेक खेळ सुरू होताना ५० हवे की ६० असे विचारू लागले. आजची यंत्रे तर सगळीकडे ६०ची भाषा बोलतात, आणि नवे खेळ बहुधा घड्याळ पाहून पाऊल टाकतात. नगावरून ते रोजंदारीवर आले म्हणा. पण खोड जुनी. २०१८ साली सोनी कंपनीने आपल्या पहिल्या प्लेस्टेशनची छोटी प्रतिकृती विकायला काढली, तिच्यात काही खेळ ५०च्याच आवृत्तीचे घातले, आणि ज्या अमेरिकेत ५० कधीच नव्हते तिथल्या लोकांना तो मंद खेळ मिळाला. ओरड झाली, आणि ती योग्यच होती.

आता या जुन्या खेळांचे चित्रण उतरवून घेण्याकडे वळतो, कारण माझे खरे दुखणे तिथे आहे.

आमच्या वस्तीत एक तरुण आहे. दिवसा घरोघर माल पोचवतो. बापाचे जुने यंत्र त्याने दुरुस्त केले आणि रात्री एक खेळ वेगाने पुरा करण्याचा सराव केला. जगात अशा वेगाच्या शर्यती चालतात. खेळाडू आपले चित्रण पाठवतात आणि पंच वेळ मोजतात. याला लागली १२ मिनिटे. त्याने चित्रण पाठवले. उत्तर आले, तुमचे यंत्र ५०चे आहे, तुमची नोंद वेगळ्या यादीत होईल. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, म्हणजे मी खोटा ठरलो का?"

मी त्याला कागदावर हिशेब करून दाखवला. १२ मिनिटांत ५०च्या मापाने ३६,००० चित्रे झाली. तेवढीच चित्रे ६०च्या यंत्राने १० मिनिटांत काढली असती. म्हणजे नगाने मोजले तर त्याचे काम १० मिनिटांचे, घड्याळाने मोजले तर १२ मिनिटांचे. त्याचा चेहरा खुलला. पण मी त्याला दुसरी बाजूही सांगितली, कारण वाटाघाटीत अर्धे सत्य बोलणारा पुढारी एकदाच जिंकतो. समोरून येणारा अडथळा ३० चित्रांत अंगावर येत असेल, तर ६०च्या यंत्रावर उडी मारायला अर्धा सेकंद मिळतो, आपल्याकडे सेकंदाचे सहा-दशांश. ही सवलत आहे. शिवाय खेळाची आवृत्ती मारिओसारखी दुरुस्त केलेली असेल, तर सरळ त्रैराशिक लागूच पडत नाही. म्हणून वेगळी यादी हा न्याय आहे, अपमान नव्हे. ज्या यादीत वरती 'पन्नास' असे लिहिले आहे, तिथे तो ताठ मानेने उभा राहू शकतो. मापच लिहिले नाही, तर मात्र तो कुठेच उभा राहू शकत नाही.

चित्रण करणारी पेटीही काही कमी लबाड नसते. ६०ची पेटी खरे पाहता सेकंदाला ५९.९४ चित्रे घेते, आणि जुने अमेरिकन निन्टेन्डो यंत्र सुमारे ६०.१ देते. म्हणजे दर सहा-सात सेकंदांत एक चित्र पेटीबाहेर पडते. ते सोडून द्या. पण पुष्कळ लोक जागा वाचवण्यासाठी निम्मीच चित्रे ठेवतात. त्याचा परिणाम पाहा. जुन्या खेळात नायकाला मार लागला की तो थोडा वेळ लुकलुकतो. एका चित्रात दिसतो, पुढच्यात नसतो. आपण एक सोडून एक चित्र ठेवले, तर तो सबंध वेळ अखंड दिसेल नाहीतर सबंध वेळ नाहीसाच होईल. एखादा हजेरी-कारकून दिवसाआड येत असावा आणि एखादा बदली कामगारही दिवसाआड कामावर असावा, तसे हे. कारकुनाच्या वहीत तो माणूस एकतर रोज हजर, नाहीतर कधीच नव्हता! वहीत खोटे काहीच लिहिलेले नाही, आणि तरी वही खोटी.

हे मला कळले ते खेळामुळे. कळायला हवे होते त्याच्या फार आधी. नव्वदीत आमच्या एका लढ्याची द्वारसभा आम्ही लग्नाचे शूटिंग करणाऱ्याकडून व्हीएचएस टेपवर घेतली होती. आमचे एक वडीलधारे सहकारी तीत बोलले. मला युनियनची अक्षरे गिरवायला लावणारे तेच. ते गेल्यावर त्यांच्या मुलीने, ती न्यू जर्सीला असते, टेप मागितली. आपली टेप अमेरिकेच्या यंत्रात चालत नाही, हे परदेशी मुले असलेल्या घरांना माहीत आहे. लग्नाची टेप पाठवावी आणि तिकडे नुसत्या रेघा दिसाव्यात, असे किती घरांत झाले! म्हणून मी एका दुकानातून ६०ची प्रत करून घेतली. त्यांनी स्वस्तातली रीत वापरली. दर पाच चित्रांमागे एक चित्र दोनदा, म्हणजे पंचवीसची तीस. पाठवून दिली. मूळ टेप माझ्या कपाटात राहिली, आणि जुहूच्या खाऱ्या दमट हवेत तिला बुरशी लागली. एके दिवशी मीच ती टाकून दिली. प्रत आहे ना, असे मनाशी म्हणालो.

पुढे युनियनला ते भाषण हवे झाले. मुलीने प्रत परत पाठवली. दुसऱ्या दुकानात ती पुन्हा पंचवीसची केली, आणि आम्ही सगळे पाहायला बसलो. आवाज शाबूत आहे. शब्द न् शब्द ऐकू येतो. पण तो माणूस हात वर उचलतो तो सरळ उचलला जात नाही. अडखळतो, थांबतो, पुन्हा झटका घेतो. ज्यांनी त्यांना पाहिले नाही अशी नवी मुले मागे बसली होती. त्यांतल्या एकाने हळूच विचारले, "त्यांच्या हाताला काही कंप होता का हो?" मी काय उत्तर देणार? त्या माणसाचा हात आयुष्यात कधी कापला नाही. दुकानदाराने स्वस्तातला माल दिला हे खरे. पण मी त्याला विचारले नव्हते, की पंचवीसची तीस तुम्ही करता कशी? यंत्राच्या वेगाबद्दल मालकाला प्रश्न विचारण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने स्वतःच्या कामात तोच प्रश्न विचारला नाही.

म्हणून आपल्याला काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. घरात जुन्या टेपा असतील, मुंजीच्या, लग्नाच्या, आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या, त्या याच वर्षी उतरवून घ्या; बुरशी कुणासाठी थांबत नाही. उतरवणाऱ्याला सांगा की टेप पालची आहे, ५७६ ओळी आणि २५ चित्रे, ती तशीच उतरवा. ६०ची करू नका. आपल्या टेपेत प्रत्येक पूर्ण चित्र दोन अर्ध्या भागांत असते, विषम ओळी आधी आणि सम ओळी नंतर, किंवा उलट, आणि दोघांत एक-पन्नासांश सेकंदाचे अंतर. ही दोन्ही अर्धी शाबूत ठेवा म्हणावे. एक अर्धे टाकले की निम्मी हालचाल गेली. प्रतीवर यंत्र, माप आणि तारीख लिहा. खेळाचे चित्रण करणाऱ्या मुलांनीही हेच करावे: कोणते यंत्र, कोणत्या देशाची आवृत्ती, ५० की ६०. नातवंडांना दाखवण्यासाठी वेगळी प्रत हवी तशी बदला, पण मूळ मापातली एक प्रत कोणालाही हात लावू न देता ठेवा. आणि मूळ टेप, ती बिघडलेली वाटली तरी, माझ्यासारखी फेकू नका. बुरशी साफ करणारे कारागीर अजून आहेत, हे मला नंतर कळले.

पन्नास चांगले की साठ, असा माझा वाद नाही. पन्नासने आपल्याला बारकावा दिला, साठने दुसऱ्यांना चपळाई दिली. जगात मापे अनेक असणार, आणि एका मापाचा माल दुसऱ्या मापाच्या घरी जाणारच. तेव्हा तो नव्या घराच्या मापाने बेतण्याची मेहनत कोणीतरी केली पाहिजे. ती टाळली, तर तिची किंमत संपत नाही. ती त्या टोकाला बसलेल्या माणसाकडून वसूल होते. कधी तो मारिओ खेळणारा पोरगा असतो, कधी भोंग्यावर उठणारा कामगार, तर कधी ज्याला आता उत्तर देता येत नाही असा टेपेतला माणूस.

तो तरुण अजून रात्री सराव करतो. परवा भेटला तेव्हा १२ मिनिटांतून त्याने ९ सेकंद कमी केले होते. चित्रणाच्या पहिल्या क्षणी तो आता एक पाटी धरतो. तिच्यावर यंत्राचे नाव असते, आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलेले असते: ५०.